चाळीतून टॉवरमध्ये राहायला जाताना

नव्या घराची किल्ली हातात आली त्या संध्याकाळी आईने मजल्यावर पेढे वाटले आणि रात्री जेवताना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी इथंच बरी आहे." इथे म्हणजे संक्रमण शिबिरातल्या खोलीत, चाळ पाडून नवी इमारत होईपर्यंत मिळालेल्या तात्पुरत्या घरात, जिच्या गळक्या मोरीला आणि अंधाऱ्या जिन्याला ती गेली तीन वर्षे रोज नावे ठेवत आली होती. बदलाची भीती अशीच असते. ती चांगले-वाईट तोलून येत नाही, ओळखीचे कोणते आणि अनोळखी कोणते एवढेच पाहते. मात्र ती कमी करण्याचे काम बऱ्यापैकी हिशेबाने करता येते. तो हिशेब आम्ही थोडा उशिरा शिकलो, म्हणून येथे क्रमाने मांडतो आहे.

मुंबईत हा प्रसंग सध्या हजारो कुटुंबांवर येतो आहे. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील मिळून 195 इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला गेला, आणि वरळीतील पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये रहिवाशांना मिळाल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक, अशा घरातून माणूस एकदम 500 चौरस फुटांच्या स्वतंत्र सदनिकेत जातो, तीही उंच टॉवरमध्ये. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांतील जुन्या इमारतींच्या भाडेकरूंचेही थोड्याफार फरकाने हेच आहे. जागा तिपटीने वाढते हे सर्वांना आधी कळते. दिवसभराचा परिपाठ बदलतो हे राहायला गेल्यावर कळते. ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसे आहेत त्यांनी पुढील टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्यावेत.

भीतीची यादी करा आणि तिचे तीन भाग पाडा

"भीती वाटते" एवढ्या एका वाक्यावर काहीच उपाय करता येत नाही. आम्ही आईला "कसली भीती वाटते?" असे विचारत राहिलो आणि ती "कसली नाही रे" म्हणून विषय टाळत राहिली. शेवटी प्रश्न बदलला: सकाळी उठल्यापासून रात्री आडवे होईपर्यंत तिथे तुझे काय काय अडेल? या प्रश्नाला मात्र तिने न थांबता उत्तर दिले आणि वहीचे दीड पान भरले. दूधवाला बाविसाव्या मजल्यावर येईल का, लिफ्ट मध्येच थांबली तर काय करायचे, महिन्याला पैसे किती, रात्री छातीत दुखले तर हाक कोणाला मारायची, खिडकीतून खाली पाहिले की गरगरते, देव्हारा कोणत्या भिंतीला बसेल, समोरच्या काकू कोणत्या विंगेत गेल्या.

ही यादी हातात आली की तिचे तीन भाग सहज पडतात. काही भीती माहिती नसल्याची असते, जसे लिफ्ट किंवा इंटरकॉम; तिला सराव हे औषध आहे. काही भीती पैशाची असते. तिला कागदावरचे आकडे लागतात, धीराचे शब्द पुरत नाहीत. तिसरी भीती माणसे सुटण्याची असते आणि तिला सरावही लागू पडत नाही, आकडेही नाहीत. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते आणि वेळ द्यावा लागतो. घरातली तरुण माणसे बहुधा येथेच चुकतात. लिफ्ट शिकवली, टीव्ही लावून दिला, आता कसली अडचण, असे त्यांना वाटते, म्हणजे तिसऱ्या दुखण्यावर पहिल्याचे औषध दिले जाते. शिवाय यादीतील काही गोष्टी भीती नसून रास्त हरकती असतात. रात्री हाक कोणाला मारायची हा प्रश्न पूर्णपणे योग्य आहे आणि त्याला "काही होत नाही गं" हे उत्तर नव्हे.

सामान हलवण्यापूर्वी चार-पाच फेऱ्या मारा

किल्ली मिळाली की मुहूर्त पाहून टेम्पो बोलावण्याची घाई करू नये. जुनी जागा सोडायला आठ-पंधरा दिवसांचा अवधी मागून घेता आला तर तो अवश्य घ्यावा, कारण परतीचा रस्ता मोकळा आहे हे माहीत असले की नवी जागा कमी भिववते. पहिल्या फेरीत काहीच करू नका. थर्मासमधून चहा न्या, सतरंजीवर बसा, गप्पा मारा आणि परत या. दुसरी फेरी सकाळची असावी, म्हणजे ऊन कुठून येते ते दिसते आणि देव्हाऱ्याची, खुर्चीची, पलंगाची जागा म्हाताऱ्या माणसाच्याच तोंडून ठरते. हा मुद्दा मी क्षुल्लक समजत होतो. प्रत्यक्षात, देव्हारा पूर्वेच्या भिंतीला बसवायचा हे आईने ठरवले त्या दिवसापासून ती त्या घराला "तुमचे घर" म्हणायची थांबली.

तिसरी फेरी घराची नसून परिसराची असावी. फाटकातून बाहेर पडून भाजी, औषधाचे दुकान, दवाखाना, बसथांबा आणि देऊळ येथपर्यंत त्या माणसाच्या चालीने चालत जा आणि प्रत्येकाला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवा. इमारत त्याच आवारात उभी राहिलेली असली तरी हे करावे, कारण बांधकामामुळे फाटके बदलतात आणि पूर्वी दोन मिनिटांवर असलेल्या वाण्याकडे जायला कधी कधी पूर्ण वळसा पडतो. शेवटची फेरी मुक्कामाची: दोन गाद्या, एक पातेले आणि चहा-साखर घेऊन एक रात्र झोपून पाहा. पहिली रात्र कोणालाच नीट झोप लागत नाही; ती रात्र सगळ्या सामानाच्या ढिगाऱ्यात काढण्यापेक्षा रिकाम्या घरात काढलेली बरी.

लिफ्टचा सराव

लिफ्टबद्दलची बरीचशी धास्ती बटणांमुळे असते. बाहेरच्या भिंतीवरील दोन बाणांचा अर्थ "लिफ्टला वर बोलाव" किंवा "खाली बोलाव" असा बहुतेक नवखे लोक लावतात. आई बाविसाव्या मजल्यावर उभी राहून वरचा बाण दाबत असे, कारण तिच्या मते लिफ्ट खाली होती आणि लिफ्टने वर यायला हवे होते. लिफ्ट वर जाणारी मिळे, आई तिसाव्या मजल्यावरून फिरून खाली येई आणि "हिचा काही भरवसा नाही" असे म्हणत घरी परते. तिला एवढेच सांगायला हवे होते की बाण लिफ्टने कुठे यावे हे सांगत नाही, आपल्याला कुठे जायचे आहे हे सांगतो. खाली जायचे असेल तर खालचा बाण, आणि दोन्ही बाण एकदम कधीच नाहीत.

सराव टप्प्याने घ्या. पहिले दोन दिवस सोबत जा, पण बटण त्यांनाच दाबू द्या. मग तुम्ही खाली थांबा आणि त्यांना एकट्याने येऊ द्या. त्यानंतर गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी शाळेच्या आणि संध्याकाळी कामावरून परतण्याच्या वेळी, एक-दोनदा न्या, कारण अनोळखी माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये मजला सांगायला संकोच वाटतो. आतल्या पटलावरील घंटेचे बटण आणि इंटरकॉम एकदा प्रत्यक्ष वापरून दाखवा. रखवालदाराला आधी कल्पना देऊन घंटा वाजवली आणि त्याने उत्तर दिले, हे स्वतः ऐकले की "अडकलो तर" या भीतीतील निम्मी हवा जाते. वीज गेल्यास बहुतेक नव्या लिफ्ट जनित्रावर चालू राहतात किंवा बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत जाऊन दार उघडतात. आपल्या इमारतीत यांपैकी कोणती सोय आहे ते विचारून घ्या. लिफ्ट थांबलीच तर दार हाताने ओढायचे नाही, हे मात्र दोनदा सांगा.

आग लागल्यास लिफ्ट वापरायची नसते. उंच इमारतीत काही मजल्यांच्या अंतराने आश्रयासाठी मोकळी राखलेली जागा असते. आपल्या घराच्या खाली सर्वांत जवळची अशी जागा कोणत्या मजल्यावर आहे ते पाहून जिन्याने एकदा तिथपर्यंत उतरून या. तीन-चार मजले सावकाश उतरून जमतात असे दिसले, तर बावीस मजले कसे उतरायचे हा प्रश्न मनातून जातो.

पैशाची भीती आकड्यांनी हाताळा

पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्याने घेतलेल्या) किंवा सरकारी चाळीतील खोलीचे भाडे इतके थोडे असते की महिन्याच्या हिशेबात ते कोणी धरतच नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पहिला देखभाल खर्च हातात पडतो तेव्हा म्हणूनच धक्का बसतो, आणि "घर आपले झाले, मग भाडे कसले?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर उदाहरणाने द्यावे.

समजा, संस्थेत 100 सदनिका आहेत आणि रखवालदार, सफाई, लिफ्ट, सामाईक दिवे, कार्यालय यांचा महिन्याचा खर्च 3,00,000 रुपये आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, हा सेवाखर्च सर्व सदनिकांवर समान वाटला जातो, घर लहान असो वा मोठे. म्हणजे प्रत्येकी 3,000 रुपये. त्यात दोन निधींची भर पडते. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के असतो, आणि या बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत. आपल्या सदनिकेचा बांधकाम खर्च 20 लाख रुपये असेल तर हे दोन निधी वर्षाला अनुक्रमे 5,000 आणि 15,000, म्हणजे महिन्याला सुमारे 417 आणि 1,250 रुपये होतात. एकूण 4,667 रुपये, आणि पाणीपट्टी वेगळी. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

हा तक्ता राहायला जाण्यापूर्वीच भिंतीवर लावा. विकासकाने कॉर्पस निधी (एकरकमी ठेव) दिला आहे का, त्याचे व्याज देखभालीकडे वळते का, काही वर्षांची देखभाल विकासकाकडे आहे का, हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरेही लेखी घ्या. थकबाकीवर संस्था व्याज लावू शकते, म्हणून वाद असला तरी पैसे भरून हरकत नोंदवणे शहाणपणाचे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते; पहिल्या सभेला घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जा. सभासद म्हणून त्यांचे नाव असेल तर बोलण्याचा हक्कही त्यांचाच आहे, आणि चाळीच्या समितीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हिशेब विचारायला कोणी शिकवावे लागत नाही. माझ्या पाहण्यात नव्या इमारतीत सर्वांत लवकर रुळलेली म्हातारी माणसे समितीत शिरलेलीच आहेत.

बंद दार

आता तिसऱ्या प्रकारची भीती, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. चाळीत दार बंद असणे म्हणजे घरात कोणी आजारी आहे किंवा भांडण झाले आहे. गॅलरीत निवडायची भाजी, वाळत घातलेली कुरडई, शाळेतून येणारी कोणाचीही पोरे आणि येता-जाता "काय, जेवण झालं का?" एवढी विचारपूस, यावर माणसाचा दिवस भरत असतो. टॉवरमध्ये प्रत्येक दार बंद असते, आपोआप लागणाऱ्या कुलपाचे असते, आणि बाहेरच्या मार्गिकेत उभे राहण्यासारखे काही नसते. पहिल्या आठवड्यात आईने सवयीने दार उघडे ठेवले, तर रखवालदार वर येऊन "मावशी, दार लावून घ्या" असे सांगून गेला. त्याचे चुकले नव्हते, पण त्या वाक्याने तिचा दिवस गेला.

यावर पहिला उपाय अगदी साधा: मुख्य दाराच्या बाहेर जाळीचे सुरक्षादार बसवा आणि दिवसातील ठरावीक वेळ, समजा संध्याकाळी पाच ते सात, आतले दार उघडे ठेवा. मजल्यावरील इतर दोन-तीन घरांशी बोलून तीच वेळ ठरली तर उत्तम. जुन्या चाळीतील माणसे एकाच इमारतीत विखुरलेली असतात. त्यांच्या नव्या सदनिकांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा, कारण "खोली नंबर 34" हा पत्ता सर्वांच्या तोंडी असतो, पण "बी विंग 1704" कोणाच्याच लक्षात राहत नाही. आठवड्यातील दोन भेटी पक्क्या करा: एक कोणाच्या तरी घरी, एक खाली बाकावर. "कधीतरी या" असे म्हटले की कोणी येत नाही. "गुरुवारी चार वाजता आरतीला" असे म्हटले की येतात. गणपती, हळदीकुंकू, भजनी मंडळ, भिशी या गोष्टी पहिल्याच वर्षी पुन्हा सुरू करा, जागा कुठे मिळते याचा वाद नंतर घालता येतो.

मार्गिकेत चपलांचे कपाट, कुंड्या किंवा जुना माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा ठेवण्याचा मोह आवरा. तो आग लागल्यास बाहेर पडण्याचा रस्ता आहे आणि त्यावरून होणारी भांडणे नव्या ओळखी जमण्याआधीच मोडतात.

रात्री हाक कोणाला मारायची, या प्रश्नाचे उत्तर कागदावर हवे. एक किल्ली मजल्यावरील विश्वासाच्या घरी, रखवालदाराचा इंटरकॉम क्रमांक, फॅमिली डॉक्टरांचा क्रमांक आणि आणीबाणीसाठी 112, एवढे चार टेकू पलंगापासून हाताच्या अंतरावर असावेत.

ज्यांना विसर पडतो त्यांच्यासाठी

स्मरणशक्ती कमी झालेल्या माणसाला टॉवरचा प्रत्येक मजला सारखाच दिसतो, प्रत्येक दार सारखेच दिसते, आणि चुकीच्या मजल्यावर उतरून दुसऱ्याचे कुलूप उघडण्याची धडपड सुरू होते. दारावर जुन्याच घरचे तोरण आणि जुनीच नावाची पाटी लावा. लिफ्टमधील आपल्या मजल्याच्या बटणाशेजारी, संस्थेची परवानगी घेऊन, एक रंगीत टिकली चिकटवा. घरातल्या वस्तू मात्र जुन्या मांडणीनुसार ठेवा: पलंगाच्या उजवीकडे पाण्याचा तांब्या असेल तर तो उजवीकडेच. नवे फर्निचर वर्षभर थांबू शकते.

कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे आहे, पण फार मोठे नाही. आधारवरील पत्ता आधी बदला, कारण बँक, निवृत्तिवेतन आणि शिधापत्रिका यांना पुढे तोच कागद चालतो. मतदार यादीतील पत्त्यासाठी अर्ज क्रमांक 8 भरावा लागतो. संस्थेत नामनिर्देशन (नॉमिनी नेमण्याचा) अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस येत असेल तर एक फरक समजावून सांगा: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, पाइपचा हलका असल्याने छताकडे जातो. दोन्हींत वास आला तर दिवा-पंख्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या आणि व्हॉल्व्ह बंद करायचा.

पहिले तीन महिने

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस पाहुण्यांच्या येण्या-जाण्यात बरे जातात आणि खरी उदासी साधारण महिन्याभराने येते, तेव्हा घरच्यांना वाटते की आता तर सगळे सुरळीत होते, हे काय नवीन. हा उलटा प्रवास नाही. पाहुणे संपले आणि रोजचा दिवस सुरू झाला, एवढेच. या काळात "एवढे मोठे घर मिळाले तरी तुझे रडगाणे" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. जुन्या जागेची आठवण काढू द्या. आठवण काढणारा माणूस नव्या घराला नावे ठेवत नसतो. त्यांच्याकडे एखादे काम सोपवा जे पूर्वीही त्यांचेच होते: दूध घेणे, भाजी आणणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे. त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून सगळी खरेदी मोबाइलवरून मागवणारी मुले नकळत त्यांचे घराबाहेर पडण्याचे कारणच काढून घेतात.

मात्र झोप उडणे, जेवण तुटणे, दार उघडायलाही नकार देणे हे दोन-तीन आठवडे चालू राहिले तर त्याला सवयीचा प्रश्न म्हणू नका आणि डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर विनाशुल्क मिळते, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

पहिल्या पावसाळ्याची तयारी

उन्हाळ्यात रुळलेली माणसेही जूनमध्ये पुन्हा बिचकतात. बाविसाव्या मजल्यावर वारा खिडकीच्या फटीतून शिटीसारखा वाजतो, पाऊस आडवा येतो, आणि पत्र्यावरच्या आवाजावरून पावसाचा जोर ओळखणाऱ्या माणसाला काचेपलीकडे नुसता पांढरा पडदा दिसतो. पहिल्या जोरदार सरीला आई रात्रभर खुर्चीवर बसून होती. आता मे महिन्यातच आम्ही सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करतो, फटींवरची झिजलेली रबरी पट्टी बदलतो आणि खिडकीच्या कट्ट्यावरील कुंड्या आत घेतो. पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावतो आणि ऑक्टोबरमध्ये परत जागेवर नेतो.